यंत्राला चुकल्याचे कळत नाही

कला शाखेच्या वार्षिकात स्क्रू, नट आणि मोटारी ह्यांवर लेख पाहून काही वाचक नाक मुरडतील. हा मजकूर शेजारच्या तंत्रनिकेतनाच्या अंकाचा, छापखान्यात वाट चुकून इकडे आला की काय, अशी शंकाही एखाद्या प्राध्यापक महाशयांना येईल. त्यांना नम्रपणे एवढेच सांगते की स्क्रू लोखंडाचा असला तरी वाद आपल्याच वर्गातला आहे. ‘यंत्र आणि कलावंत’ हा विषय आपल्या वक्तृत्व स्पर्धेत दर दोन-तीन वर्षांनी हटकून येतो. एक वक्ता म्हणतो, यंत्र आले, आता कारागीर संपला. दुसरा उठून म्हणतो, यंत्राने केलेली ती कलाच नव्हे, तिच्यात आत्मा नाही. दोघांनाही टाळ्या पडतात, दोघांनाही चहा मिळतो. परंतु दोघांच्याही भाषणाचा पाया एकच असतो. तो असा, की यंत्र आपले काम आपले आपण आणि बिनचूक करते. मतभेद असतो तो त्यानंतरचा.

हा पायाच कच्चा आहे, असे माझे म्हणणे आहे. निदान लाकूड कोरणाऱ्या घरगुती यंत्रापुरता तरी तो कच्चा आहे हे मी रोज पाहते. आणि तो कुठे खचतो ती जागाही ठरलेली आहे. तिला यंत्रवाल्यांच्या भाषेत ‘फीड’ म्हणतात.

आमच्या गावच्या घराच्या पडवीत असे एक यंत्र आहे. ते टेबलावर मावते. बाजारात त्याला ‘३०१८’ म्हणतात, कारण त्याचा कोरण्याचा पाट सुमारे ३०० मिलिमीटर लांब आणि १८० मिलिमीटर रुंद असतो. वर एक फिरणारी मोटार, तिच्या तोंडात पेन्सिलीएवढे कटर. हे कटर डावीउजवीकडे, पुढेमागे आणि वरखाली नेण्यासाठी तीन दिशांना तीन मोटारी आणि तीन आटेदार दांडे. संगणकातून हुकूम येतो, दांडा फिरतो, दांड्यावरचा नट सरकतो आणि नटाबरोबर कटर सरकते. नावाच्या पाट्या, देवघराची महिरप, जाळीचे छोटे तुकडे अशी कामे त्यावर होतात. माझ्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, पतसंस्थेचे कर्ज काढून ते आणले. त्याचे वडील, आमचे आप्पा, चाळीस वर्षे पटाशी आणि मोगरी घेऊन देवघरे कोरीत आले. यंत्र आले त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी त्यांना मोठ्या प्रेमाने सांगितले, “आप्पा, आता तुम्ही बसा.” प्रेमाने सांगितले हे खरेच. पण बसा म्हणजे काय, हे ज्याला बसवले त्यालाच ठाऊक.

आता फीड म्हणजे काय ते सांगते. कटर लाकडातून पुढे ज्या गतीने सरकते ती गती म्हणजे फीड. ती मिनिटाला अमुक मिलिमीटर अशी मोजतात. यंत्राच्या हुकूमनाम्यात ‘एफ’ हे अक्षर आणि पुढे आकडा लिहिलेला असतो. एफ ६०० म्हणजे मिनिटाला ६०० मिलिमीटर. हे अक्षर लिहायचे राहून गेले तर बिचारे यंत्र जागचे हलत नाही. ‘जीआरबीएल’ नावाचा जो कार्यक्रम अशा बहुतेक लहान यंत्रांच्या पोटात असतो, तो ‘त्रुटी २२’ असे म्हणून थांबतो. हा सगळ्यात सज्जन दोष. निदान तोंडाने सांगतो तरी. बाकीचे दोष मुके आहेत.

हा आकडा ठरवायचा कसा? हिशेब सोपा आहे, आठवीच्या मुलालाही जमेल. कटर मिनिटाला ९,००० फेरे घेते, त्याला दोन धारा आहेत, म्हणजे मिनिटात १८,००० वेळा धार लाकडाला लागते. प्रत्येक वेळी धारेने ०.०४ मिलिमीटर लाकूड उचलावे असे वाटत असेल तर १८,००० गुणिले ०.०४, म्हणजे ७२० आले. वहीचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. तेव्हा ही ढलपी कागदाच्या निम्म्याहून पातळ झाली. तेवढीच असावी लागते. ती फार जाड झाली तर कटर अडते. पण ती फार पातळ झाली तरी बिघडते, आणि हे मात्र कोणाच्या डोक्यात शिरत नाही. धार कापायच्या ऐवजी लाकडावर घासू लागते. घासले की तापते. ढलपी बरोबर आपली उष्णता घेऊन बाहेर पडते. ढलपीच नसेल तर ती उष्णता कटरात आणि लाकडात मुरते. लाकूड काळे पडते, धार बोथट होते, आणि बोथट धारेला पुढे जायला अधिक जोर लागतो. म्हणजे अडू नये म्हणून गती कमी करावी आणि त्यामुळेच ते अडावे, असा हा उलटा खेळ आहे.

अडले तर अडले, थांबेल, असे आपल्याला वाटते. तेथेच सगळे गाडे आहे. ते थांबत नाही.

ह्या यंत्रातल्या मोटारी पावले टाकीत फिरतात. एका फेऱ्याची २०० पावले. एकेका पावलाचे आणखी १६ बारीक भाग केलेले. दांडा एका फेऱ्यात नटाला ४ मिलिमीटर पुढे नेतो. म्हणजे एका मिलिमीटरला ८०० हुकूम. संगणकाने ८०० हुकूम सोडले की त्याच्या हिशेबी कटर एक मिलिमीटर पुढे गेले. खरोखर गेले का, हे तो विचारीत नाही. विचारायला त्याच्यापाशी डोळा नाही, कान नाही, बोट नाही. आपल्यापैकी काहींनी असे अध्यापक पाहिले असतील (आपल्या महाविद्यालयातले नव्हेत, इतरत्रचे), की जे मान वर न करता हजेरी घेतात. नंबर पुकारला, कोपऱ्यातून ‘हजर’ ऐकू आले, की खूण केली. वर्गात मुलगा आहे की त्याचा मित्र ओरडतो आहे, हे हजेरीपटाला कळत नाही. आमचे यंत्र तसे आहे. कटर गाठीला अडले, मोटार जागच्या जागी गुरगुरली, पन्नास पावले वाया गेली. पटावर मात्र सगळी हजर. पुढची सगळी नक्षी तेवढ्याने सरकून, तितक्याच आत्मविश्वासाने, तितक्याच सुबकपणे कोरली जाते. चुकीच्या जागी.

आमच्याकडे हेच झाले. देवघराची एक महिरप कोरताना अर्ध्यावर वेल तुटला आणि त्याच वेलाचा उरलेला भाग तीन मिलिमीटर डावीकडे उगवला. पहिली महिरप गेली, दादाने कपाळाला हात लावला. दुसरी गेली तेव्हा घरात बोलाचाली झाली. सागवान काही रानात पडलेले नाही. गणपतीच्या आत पोचवायची कामे होती, पतसंस्थेचा हप्ता होता, आणि यंत्र विकून टाकावे असे काकू उघड म्हणू लागल्या.

अशा वेळी सल्ला देणारे फार. बाजारातला ओळखीचा, दादाचा मित्र, मित्राचा मित्र, सगळ्यांचे औषध एकच: फीड कमी कर. दादाने ते ७०० वरून ५०० केले, मग ३०० आणि शेवटी २००. दोनशेवर ढलपी किती राहिली? वरच्याच हिशेबाने ०.०११ मिलिमीटर, म्हणजे कागदाचा नववा भाग. पडवीत जळक्या सागाचा वास येऊ लागला. सागवानात मुळातच वाळूच्या जातीचे सिलिकाचे कण असतात, ते धारेला खातात, त्यात हे घासणे. महिरपीच्या खाचा काळ्या पडल्या, वेळ तिप्पट लागला आणि नक्षी तरीही सरकली.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा फार खटकली. एका वेळी चार गोष्टी बदलल्या जात होत्या. गतीही बदलली, खोलीही बदलली, कटरही नवे घातले, आणि कोणीतरी सांगितले म्हणून मोटारीचा विद्युतप्रवाहही वाढवला. असे केल्यावर सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही आणि बिघडले तर कशाने बिघडले तेही नाही. पाठभेद पाहणाऱ्याने चार पोथ्या एकत्र शिवून टाकाव्यात तसे हे. मराठी विशेषच्या आम्हा मुलींना हे कळते. संहिता लावताना एका वेळी एकच शब्द हलवायचा असतो.

ह्या दोषांची लक्षणे एकमेकांपासून वेगळी असतात, ती आधी वाचावी लागतात. नक्षी एका ठिकाणापासून पुढे एकदम सरकली असेल तर पावले हुकली. हळूहळू, थोडी थोडी सरकत गेली असेल तर मोटारीचा दांडा आणि आटेदार दांडा जोडणारे कपलिंग घसरते आहे. त्यातला बारीक ग्रब स्क्रू ढिला असतो. वर्तुळ कोरले आणि ते चपटे आले, तर नटात खेळ आहे, दिशा बदलताना दांडा थोडा फुकट फिरतो. सगळे माप एकाच प्रमाणात लहान किंवा मोठे येत असेल तर मिलिमीटरला किती हुकूम तो आकडाच चुकला आहे. आणि खोली आपोआप वाढत गेली तर कटर आपल्या पकडीतून खाली उतरते आहे, किंवा फळी वर उचलली जाते आहे. ही यादी मी पाठ म्हणून दाखवीत नाही, पण एवढे ऐकले तरी वाचकांच्या लक्षात येईल की ‘यंत्र बिघडले’ हे वाक्य किती आळशी आहे. ‘पेशंट आजारी आहे’ असे वैद्याने सांगावे त्यातला प्रकार.

एक चाचणी तर इतकी साधी आहे की ती सगळ्यात आधी करायला हवी होती. कटर लाकडाच्या वर दोन बोटे उचलून तेच काम हवेत करवून घ्यायचे. संपल्यावर कटर निघाल्या जागी परत आले, तर मोटार, तारा, दांडे ठीक आहेत आणि दोष लाकडात कापण्याच्या जोरात आहे. हवेतही चुकले, तर लाकडाला दोष देऊ नये. कपलिंगवर आणि दांड्यावर मिळून पेन्सिलीची एक सरळ रेघ मारून ठेवायची; काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली की घसरण सापडली. चार आण्यांच्या पेन्सिलीचे हे काम. (आता चार आणेही राहिले नाहीत, म्हण राहिली.) आमच्याकडे रेघ केसभर तुटली. ग्रब स्क्रू आवळला. दोषाचा एक वाटा तिथे मिटला. पण मोठा वाटा राहिलाच.

तो आप्पांनी काढला. यंत्र चालू असताना ते ओट्यावर बसलेले असत, पाठ यंत्राकडे. पडवीत कोणी त्यांना विचारीत नव्हते आणि तेही आपणहून बोलत नव्हते. एके दिवशी उठून आले, यंत्राखालचा भुसा चिमटीत घेतला, दोन बोटांत चोळला आणि दादाला म्हणाले, “अरे, हा भुसा नाही, पीठ आहे. तुझं हत्यार कापत नाही, घासतंय.” दादा म्हणाला, “आप्पा, गती कमी केलीय मुद्दाम, अडू नये म्हणून.” त्यावर आप्पा म्हणाले, “पटाशी भीत भीत चालवली तर ती अडतेच. घाव कमी खोल घे, पण घे.”

जो हिशेब मी वर गुणाकार करून मांडला तो आप्पांनी चिमटीत केला. आठवीच्या पुढे ते शिकलेले नाहीत, आणि १८,००० ला ०.०४ ने गुणायला ते जाणारही नाहीत. गती पुन्हा ६५० केली, एका फेरीची खोली दोन मिलिमीटरवरून पाऊण मिलिमीटर केली, कटर धारदार घेतले. भुसा पिठासारखा न येता रव्यासारखा येऊ लागला.

नंतर त्यांनी वाया गेलेल्या दोन्ही महिरपी मागून घेतल्या, नाकाशी धरून पाहिल्या. नक्षी जिथून सरकली तिथे एकीत बारीक गाठ होती, कोरल्यानंतर अर्धी दिसत होती. दुसरीत गाठ नव्हती. तिथे लाकडाची रेषा उलटी होती. कमान कोरताना कटर गोल फिरते. त्या गोलात काही जागा अशा येतात की धार रेषेच्या उलट चढते आणि लाकूड कापले न जाता उचकटते. हाताने कोरणारा तिथे पोचला की आपोआप बाजू बदलतो, पटाशी दुसरीकडून लावतो. त्याला हे ठरवावेही लागत नाही. यंत्राला गोल म्हणजे गोल, चहूकडून सारखाच. शिवाय फळी मधे किंचित फुगलेली होती. दोन्ही टोकांना शिकंजे आवळलेले, मधे पोकळ. कटर मधे आले की फळी दबायची आणि सुटायची. आप्पांनी फळीची पाठ रंध्याने सरळ करून दिली, मधे पातळ पाचरी मारल्या, आणि गाठ महिरपीच्या बाहेर, कापून टाकायच्या भागात जाईल अशी नक्षी फळीवर सरकवायला सांगितली. जुन्या वाड्याचे सागवान आले की ते आता लोहचुंबक फिरवून मोडके खिळे आधी शोधतात, कारण कटरला खिळा लागला तर फीडचा हिशेब राहतोच कुठे?

ह्यात कोणी चमत्कार शोधू नये. आप्पांना मोटारीतले काही कळत नाही. कपलिंग त्यांना सापडले नसते, ते दादानेच शोधले. पण यंत्राला जे कळत नाही, म्हणजे आपण चुकलो आहोत की नाही, ते त्यांना आवाजावरून कळते. यंत्राला नसलेला कान त्यांच्यापाशी आहे. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मी पुन्हा पुन्हा घोळवीत नाही.

परंतु यंत्राला हा कान नाही, तो का नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विचारायला हवे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांना आपोआप चालवण्याच्या दोन वाटा निघाल्या होत्या. एक अशी, की कसबी कामगाराने पहिला नग स्वतः करायचा, त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपायच्या आणि पुढचे नग त्या फितीवरून यंत्राने करायचे. म्हणजे कुठे जोरात जायचे, कुठे दबकत, हे फितीवर कामगाराच्याच हाताने उतरायचे; फीड त्याचे. दुसरी वाट आकड्यांची. जॉन पार्सन्स ह्या मिशिगनमधल्या उद्योजकाची कल्पना, अमेरिकी हवाई दलाचा पैसा आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतली प्रयोगशाळा ह्यांतून १९५२ साली आकड्यांवर चालणारे यंत्र जगाला दाखवण्यात आले. त्यात हालचाल कचेरीत बसून आकड्यांनी लिहायची आणि पंच केलेल्या फितीने यंत्राला द्यायची. टिकली ती दुसरी वाट. डेव्हिड नोबल ह्या इतिहासकाराने १९८४ साली ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ ह्या ग्रंथात असे मांडले, की ही निवड केवळ तांत्रिक गुणावर झाली नाही. कारखान्याच्या जमिनीवरचे ज्ञान कामगाराच्या हातातून काढून कचेरीत न्यावे ही व्यवस्थापनाची इच्छाही तिच्यामागे होती. इंग्रजी साहित्याच्या मंडळींना हे वेगळ्या वाटेने ठाऊक असेल. कुर्ट व्हॉनेगट ह्यांची ‘प्लेयर पियानो’ ही कादंबरी त्याच १९५२ सालची. तिच्यात रूडी हर्ट्झ नावाचा म्हातारा कारागीर आहे. त्याच्या हाताच्या हालचाली फितीवर टिपून घेतल्या गेल्या आणि मग त्याला मोकळे करण्यात आले.

नोबल ह्यांचे सगळेच मला पटते असे नाही. विमानाच्या भागांचे वाकडेतिकडे पृष्ठभाग हाताने पहिला नग करून टिपणे अवघड होते, आकड्यांना तिथे खरीच सोय होती. मला पटतो तो त्यांचा प्रश्न: गतीचा आकडा कोणी लिहायचा? कारण आमच्या पडवीतल्या हुकूमनाम्यात ‘एफ’पुढचा आकडा ज्याने प्रथम भरला, त्याने ती फळी पाहिलेली नव्हती. नक्षी संगणकावर तयार मिळाली, तिच्याबरोबर आकडाही तयार मिळाला. कुठल्या लाकडासाठी, कुठल्या हवेत, काही पत्ता नाही. पावसाळ्यात आमच्याकडे फळी रात्रभर टेबलावर ठेवली तर सकाळी तिला बाक आलेला असतो.

एक आक्षेप येईल, तो मीच मांडते. आता अशाही मोटारी मिळतात ज्यांच्या पाठीला फेरे मोजणारा डोळा असतो. पाऊल हुकले तर त्यांना कळते, त्या ते भरून काढतात किंवा काम थांबवतात. मोठ्या कारखान्यांत हे सर्रास असते. तेव्हा आप्पांच्या कानाचे महत्त्व तात्पुरते, यंत्र महाग झाले की संपले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ती मोटार अडल्याचे सांगेल, का अडले ते सांगणार नाही. गाठ होती, रेषा उलटी होती, की धार गेली होती? तिला तिन्ही सारखेच. आणि नुसतेच घासत असेल, अडत नसेल, तर ती मोटार अत्यंत समाधानी असेल. लाकूड जळत राहील.

उपाय मला यंत्राच्याच पोटात सापडतो. वर ज्या जीआरबीएलचा उल्लेख केला तो नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड ह्या गृहस्थाने २००९ साली सुरू केला आणि सगळ्यांना फुकट वापरायला मोकळा ठेवला. त्याच्या १.१ ह्या आवृत्तीपासून एक सोय आहे. काम चालू असतानाच, हुकूमनाम्यातला आकडा तसाच ठेवून, फीड शेकडा १० पासून शेकडा २०० पर्यंत कमीजास्त करता येते. मोठ्या यंत्रांवर ह्यासाठी गोल फिरवायचे बटण असते. म्हणजे कचेरीतून आलेल्या आकड्यावर हात ठेवण्याची जागा यंत्र बनवणाऱ्यांनी ठेवली आहे. ती रिकामी पडून असते. दादाने आता कळफलकावरच्या दोन कळांवर रंगीत कागदाचे तुकडे चिकटवले आहेत, तांबडा कमी, हिरवा जास्त. आप्पा स्टुलावर बसतात, तोंड यंत्राकडे. गाठीपाशी आले की तांबडी दोनदा दाबतात, गाठ ओलांडली की हिरवी. डोळ्यांवर चष्मा आम्ही सक्तीने लावायला लावला, त्यावर मात्र त्यांची कुरकुर चालू आहे.

येथे मला आपल्या विभागाशी थोडे भांडायचे आहे. लोकसाहित्याच्या तासाला आपण ओव्या गोळा करतो, उखाणे उतरवून घेतो, ते योग्यच आहे. पण ज्या माणसाकडून आपण ओवी उतरवून घेतो त्याच्या हातातले ज्ञान आपल्याला ज्ञान वाटत नाही. सुताराची गाणी प्रकल्पात येतात, सुतारकी येत नाही. ‘पीठ नको, रवा हवा’ ही काही म्हण नाही, सुविचार नाही; ती फीडची मोजणी आहे, आणि ०.०४ ह्या आकड्याइतकीच ती नेमकी आहे. ती कोणी लिहून ठेवलेली नाही. आप्पांच्या पिढीनंतर ती राहणार नाही, कारण पुढची पिढी हातात पटाशी न घेता थेट यंत्रापाशी येते आहे. मग रव्याचा आवाज तिला कोण ओळखायला शिकवणार? मी आप्पांकडून एक वही करवून घेते आहे. लाकडाचे नाव, कुठले, किती जुने, कटर कोणते, आकडा काय लावला, भुसा कसा आला, आवाज कसा होता. शेवटचा रकाना सगळ्यात अवघड जातो. आंब्याच्या फळीपुढे त्यांनी सांगितले, “लिही, बोबडं बोलतंय.” मी तसेच लिहिले. हा प्रकल्प विभागाने स्वीकारावा अशी माझी विनंती आहे. एका वरिष्ठ प्राध्यापकांनी ‘ह्यात वाङ्मय कुठे आहे?’ असे विचारले, त्यांना मी वहीच नेऊन दाखवणार आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि घरचा असला तरी तो मी येथे मांडते, कारण तो आमच्याच घरचा नाही. दादा बिल करतो तेव्हा यंत्राचे तास धरतो, लाकूड धरतो, वीज धरतो, कटर धरतो, हप्ता धरतो. आप्पांचे काही धरीत नाही. “घरचेच तर आहेत, त्यांना काय द्यायचं?” असे तो म्हणतो, आणि त्याच्या बोलण्यात वाईट काही नसते. पण वाया गेलेल्या महिरपी त्याने तोट्याच्या रकान्यात लिहिल्या. न गेलेल्या महिरपी कोणत्या रकान्यात लिहायच्या? दोन कळांवर बसलेल्या माणसाची मजुरी तासावर लावावी असे मी सुचवले आहे, निदान सुताराच्या रोजाच्या निम्म्याने. काकू माझ्या बाजूच्या आहेत. दादा ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो. आप्पांना विचारले तर ते उत्तर देत नाहीत. परवा एवढेच म्हणाले, की शिसवाची फळी आली तर आधी दोन दिवस सावलीत ठेवा आणि मला दाखवल्याशिवाय यंत्रावर चढवू नका.